कागदामागच्या चौकटी

मिरकरवाड्याच्या सगुणाला कुठल्याही वस्तूची मागची बाजू बघायची खोड होती. सुरमई घेताना ती आधी कल्ला उचलायची, लुगडं घेताना आधी ते उलटं करायची. सागरलक्ष्मी या बचतीच्या युनिट योजनेचा कागद हातात पडला तेव्हाही तिनं तो उलटला होता. मागं नुसत्या रिकाम्या चौकटी होत्या. वाचता येत नव्हतं, आणि एजंट घाईत होता. त्या चौकटी कशाला, हा प्रश्न दोन वर्षं तिच्या पोटात राहिला.

त्या कागदावर तिची तीनशे युनिटं होती आणि आता ती मोडायची वेळ आली होती. तिचा दीर भागोजी इंजिनाची नवी होडी पाण्यात सोडत होता. साडेतीन हजारांत वहिनीला भाग द्यायला तो तयार होता. वीस वर्षं लिलावात दुसऱ्याच्या होडीची मासळी उचलणाऱ्या बाईला स्वतःच्या होडीत भाग मिळणं म्हणजे काय, ते बंदरावरच्या बायकांनाच विचारावं.

"उद्या सांजपर्यंत पैसं आन, वैनी. नायतर तो भाग व्यापारी उचलंल," भागोजीनं नारळी पौर्णिमेच्या दिवशी बजावलं होतं.

एजंटनं तिला सांगून ठेवलं होतं, पावसात योजनेची वही बंद असते, तेव्हा पैसे परत मिळत नाहीत, मग उघडते. कधी उघडते हे सगुणानं विचारलंच नाही. पावसात बंद झालेलं नारळी पौर्णिमेला उघडतं, यात विचारायचं काय? म्हणून दर्याला नारळ देऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत हजर झाली.

खिडकीमागच्या हरिश्चंद्र कारकुनानं कागद पाहिला आणि परत सरकवला.

"मावशी, वही जूनमध्ये बंद होती. पैसे परत घ्यायची मुदत फक्त जुलै. आता पुढच्या जुलैत या."

सगुणाचा होडीतला भाग गेल्यात जमा झाला. तरी जीभ शाबूत होती.

"दर्या खवळतो म्हनून आमी होड्या वर काढतो. तुमचं काय खवळलेलं?"

हरिश्चंद्रानं खरोखरच नियमांचं पुस्तक उघडलं. कारण काही सापडलं नाही.

एवढ्यात शाळेतल्या दमयंतीबाई आल्या, सगुणाचं जुनं गिऱ्हाईक. पगाराची थकबाकी मिळाली होती, त्या पैशांची त्यांना युनिटं घ्यायची होती. हरिश्चंद्रानं तत्परतेनं अर्ज पुढं केला.

"घ्यायला उघडं हाय?" सगुणानं विचारलं.

"घ्यायला बारमाही. भाव युनिटला बारा रुपये चाळीस."

"आनि माझं परत घेताना?"

"जुलैत अकरा साठ होता."

"मधलं ऐंशी पैसं कुठं जातात?"

"खर्च असतो, मावशी."

"कसला? बर्फ लागतो काय ह्याला?"

हरिश्चंद्र हसला. सगुणाला राग आला होता. तरी रागाच्या आधी तिच्या डोक्यात त्या चौकटी उभ्या राहिल्या. तिनं कागद उलटून दमयंतीबाईंपुढं धरला.

"बाई, हितं काय लिवलंय ता वाचा जरा."

"हस्तांतराची नोंद," दमयंतीबाईंनी वाचलं. "देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, सही. म्हणजे तुझी युनिटं तू दुसऱ्या कुणालाही देऊ शकतेस."

दोघींनी एकदमच खिडकीकडं पाहिलं. हरिश्चंद्रानं पुन्हा पानं चाळली.

"नियमात आहे," तो चकित होऊन म्हणाला. "शिक्का मीच मारायचा. पण आजवर कुणी विचारलंच नाही."

"बाई, बारानं घेता?" सगुणानं लगेच भाव फोडला.

"अकरा नव्वद." बांगड्यावर बारा वर्षं घासाघीस केलेल्या बाई, त्या गप्प कशा बसतील?

"हा काय बांगडा हाय, सांजेला नासायला?"

"बरं बाई, बारा!"

अंगठा उठला, सही झाली, शिक्का बसला. छत्तीसशे रुपये कनवटीला लावताना सगुणाला रडू आणि हसू एकदमच आलं. भागोजीच्या होडीत तिचा भाग पक्का झाला होता. एक चौकट विचारायची राहिली असती, तर तो गेलाच होता.

ती पायरी उतरणार तोच मागून हाक आली. हरिश्चंद्र खिडकी सोडून दारापर्यंत आला होता.

"मावशी, माझीपण दोनशे युनिटं आहेत," तो हळूच म्हणाला. "बंदरावर कुणी गिऱ्हाईक मिळेल?"

"तुमी तर खिडकीतच बसता! जुलैत का नाय काढलीत?"

"जुलैत मी भातलावणीला गावी असतो, मावशी. दरवर्षी."