विहिरीवरचा स्टार्टर

"जस्टिन, लाईन गेलीय. केबलचा जोड करायला विहिरीत उतरतोय. पेटीपाशी जाऊन मेन स्विच पाडू का?" शांतवनरावांनी फोनवर विचारलं.

"उन्हाचं कशाला चालत जाता, पप्पा? मी इथून बंद करतो." केडगावच्या दुकानात बसल्या बसल्या जस्टिनने मोबाईलवर बोट टेकवलं. पडद्यावर 'बंद' आलं. मोबाईलवर चालणारा तो स्टार्टर त्यानेच बनवला होता, प्रोग्रामही त्याचाच. लाईन गेली तरी आतल्या बॅटरीवर तो जागा राही. "झालं. उतरा."

"सांजच्याला चर्चमधी माझं कीर्तन हाय. येशील नव्हं?"

"येतो. पण पूर्वरंग आटोपता घ्या. लोकं जेवायची खोळंबतात."

"आधी आत्म्याला वाढू, मग तुला!" शांतवनराव हसले आणि त्यांनी फोन बायकोकडे, हन्नाबाईंकडे दिला.

दुकानात काम करणारी प्रार्थना टेबलावर तसाच एक नवा स्टार्टर, मोटारीच्या जागी बल्ब लावून, तपासत होती.

"सर, तुमचं यंत्र खोटारडं हाय. 'बंद' म्हणतंय, आन् बल्ब चालूच."

जस्टिनने प्रोग्राम उघडला. 'यंत्र' हा मूळ क्लास, म्हणजे साचा, त्याच्यावरून घेतलेला 'मोटार'. साच्यातून ऑब्जेक्ट, म्हणजे वस्तू, बनताना आधी यंत्राचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे जुळणीचा भाग, चाले आणि मोबाईलशी संपर्क जोडी. मग मोटारीचा चाले आणि रिले, म्हणजे विजेचा खटका, ओढून वीज देई. मिटताना याच्या उलट व्हायला हवं होतं. आधी मोटारीच्या डिस्ट्रक्टरने, म्हणजे मोडणीच्या भागाने, रिले सोडायचा, मग यंत्राच्या डिस्ट्रक्टरने संपर्क तोडायचा. पण त्याने ऑब्जेक्ट मिटवला होता यंत्राच्या पॉइंटरवरून, म्हणजे यंत्राच्या नावाने, आणि यंत्राच्या डिस्ट्रक्टरपुढे 'व्हर्च्युअल', म्हणजे आधी मोटारीचा चालव असं सांगणारा एक शब्द, लिहायचा राहिला होता. मोटारीचा डिस्ट्रक्टर चाललाच नव्हता. संपर्क तुटला की मोबाईल 'बंद' दाखवी; तेवढंच दिसलं, रिले तसाच ओढलेला.

लाईन नव्हती, म्हणून विहीर गप्प होती. एवढंच.

त्याने फोन लावला. हन्नाबाईंनी उचलला.

"आई, पप्पांना वर घे! मेन स्विच पाड!"

"का रं? खाली बसून गात्यात. ऐक की." त्यांनी फोन विहिरीकडे धरला असावा. पप्पांचा आवाज कड्याकपारीतून यावा तसा आला, चरण अर्ध्यावर आला आणि तुटला.

"लाईन आली वाटतं," हन्नाबाई म्हणाल्या. मग त्या ओरडल्या.

जस्टिन पोचला तोवर माणसांनी शांतवनरावांना वर काढून पडवीत ठेवलं होतं. कीर्तनातले साथीदार भिंतीला टेकून बसले होते. कुणी म्हणालं, "देवाची मर्जी."

"देवाच्या अंगावर टाकू नका," जस्टिन म्हणाला. "बंद केलं असं मी सांगितलं होतं. बंद झालंच नव्हतं." तो आईच्या पायाशी बसला.

हन्नाबाईंनी नवऱ्याच्या कपाळावरची ओली माती पदराने पुसली.

"आनखी कुणाच्या विहिरीवर बसवलंस हे?"

"खर्ड्याला अंगददादाच्या. राजूरकडं पण."

"मग हितं काय बसलास? रडायला मी हाय. ऊठ."

तो अंगणात गेला. नंबर दुसऱ्यांदा बरोबर लागला.

"अंगददादा, विहिरीत कुणी उतरू नका. मोबाईलवर काय दिसतंय ते बघू नका. पेटीपाशी जा आणि आधी मेन स्विच पाडा. मी फोन ठेवत नाही."