उतारावरचे गोटे

पलटणीतून पेन्शनवर येताना माणसानं गावासाठी काय आणावं? आमच्या हवालदार उदयसिंगानं गोल्फ आणला! महूला साहेब लोकांच्या मैदानावर त्यानं ड्यूटी केलेली, तेच खूळ डोक्यात. काठीनं चेंडू मारत लांबच्या खड्ड्यात घालायचा, ज्याचे टोले कमी तो जिंकला, असं तो पारावर बसून समजावायचा. मी दुकानात बसून हसायचो. ज्वारीच्या मुलखात गोल्फ!

पण शहात्तरच्या उन्हाळ्यात गाव खरंच वेडं झालं. गावामागचा पडीक उतार ठरला. सगळ्यांनी श्रमदानानं बोरी-बाभळी तोडल्या, गोटे वेचून कडेला बांध घातला. फी नाही, जातपात नाही, वाटेल त्यानं खेळावं. माझ्या दुकानाशेजारचा देवमन सगळ्यांच्या पुढे. त्याची बायको भागिरथा बाळंतपणाला अनसिंगला माहेरी गेलेली, घरात त्याला करमेना. वरच्या खड्ड्याची खूण म्हणून रोवलेल्या झेंड्याभोवतीची जागा त्यानं एकट्यानं सपाट केली. खरं सांगतो, मैदान देखणं झालं. मीही दुकान बंद करून जाऊ लागलो.

दिवाळीनंतर भागिरथा परतली. कडेवर तान्हा मुलगा घेऊन ती घरी न जाता सरळ उतारावर आली. आम्ही खेळत होतो. देवमननं हसत हात पुढे केले. तिनं पोर दिलं नाही.

"इथचे तीन गोटे कुठी गेले?"

"कोनते गोटे?"

"आपल्या पोरीवरचे. तुमीच ठेवले होते ना?"



आमच्याकडे तान्हं लेकरू गेलं की या पडीक उतारावर पुरतात. ते काम बापाचं. आई तिथं जात नाही. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बाप वर गोटे ठेवतो आणि मागे वळून न पाहता घरी येतो. पुन्हा त्या जागेचं नाव काढायचं नाही. गावातल्या बापांनी हे इतक्या नेमानं पाळलं, की आपल्याच हातचे गोटे त्यांनी बांधाला नेऊन घातले.  एकालाही आठवू नये?

"तुले कोनं सांगतली जागा?" देवमन कसाबसा बोलला.

"मी चोरून येत होती. आज ह्याले बहिनीची जागा दाखवाची होती. कुठी हाय, सांगा."

देवमननं झेंड्याकडे बोट केलं. मग खालच्या अंगाला. मग त्याचा हातच खाली आला आणि तो लहान पोरासारखा रडू लागला. "नाई सांगता येत, भागिरथे."

उदयसिंगानं काठी खाली ठेवली. शेजारचा जानराव स्वतःच्या पायाखाली पाहू लागला. त्याची दोन लेकरं याच उतारावर होती. मग एकेक जण खाली पाहू लागला.

"मी पाय कुठी ठेवू?" भागिरथा मैदानाच्या मधोमध उभी राहून विचारत होती. "कोनी तरी सांगा ना, पाय कुठी ठेवू मी?"

आम्ही एवढे बाप्ये तिथं उभे होतो, आणि तिच्यापर्यंत जायला एकालाही पाऊल उचलायचा धीर होत नव्हता.