दम्याचं निमित्त

मुंबई सोडताना अरविंदनं चाळीत सांगितलं, बढती मिळाली म्हणून चाललोय. बऱ्हाणपुरात आल्यावर सांगितलं, बायकोला दमा आहे, समुद्राची दमट हवा सोसत नाही, डॉक्टरांनी कोरड्या मुलखात राहायला सांगितलंय. खरं कारण या दोन्हींपैकी एकही नव्हतं, आणि ते फक्त त्याला आणि विमलला ठाऊक होतं.

थोरल्या दिरांच्या खोलीत चार वर्षं काढल्यावर जाऊबाईंनी एकदा शांतपणे सांगितलं, "आमच्या श्रीकांतचं लग्न ठरतंय. आता तुमची सोय तुम्ही बघा." अरविंद दोन महिने गिरगावपासून कुर्ल्यापर्यंत हिंडला. खोली असे तिथे पागडीचा आकडा ऐकूनच तो जिना उतरून येई. अखेर बऱ्हाणपूरच्या एका गिरणीत कारकुनाची जागा निघाली. पगार कमी होता, पण मुंबईत जेवढ्यात अर्धी खोली मिळाली नसती तेवढ्यात इथे शनवारा मोहल्ल्यात दोन खोल्या आणि मागे अंगण मिळालं.

ते साल राज्यांच्या नव्या वाटणीचं. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं होतं, आणि मराठी घरांतून जो तो मुंबईला जायचं नाव काढी. अशात मुंबईचा माणूस उलटा इकडे कसा आला, असं लोक विचारत. अरविंद दम्याचं सांगे. विमल शेजारी उभी असली तर पदर तोंडाला लावून थोडं खोकत असे. पहिल्यांदा खोकली तेव्हा तिचे कान तापले होते. पुढे सवय झाली.

भिंतीला भिंत लागून गोदाबाईचं घर होतं. नवरा सुकलाल कापसाच्या जिनात हमाली करायचा. दोघं मूळची जवळच्या जसोंडी गावची. गोदाबाई पन्नाशीची, रोडकी, कमी बोलणारी. विमलच्या दम्याचं कळलं त्या दिवसापासून ती रोज सकाळी अडुळशाचा काढा घेऊन येई आणि विमलनं तो पिऊन पेला परत देईपर्यंत उंबऱ्यात बसून राही.

"पी पोरी. कडू लागंल, पन छाती मोकळी व्हईल."

विमल डोळे मिटून प्यायची. तो कडवटपणा दुपारपर्यंत जिभेवर राहायचा.

गोदाबाई स्वयंपाक मागच्या अंगणात, उघड्यावर करी. तीन दगडांची चूल, वर कापसाच्या चार पऱ्हाट्यांची सावली, तीही अर्धवट. विमलला वाटलं, इकडे रीतच असेल. मुंबईला बहिणीला पत्र लिहिलं, त्यात तिनं हेही लिहिलं होतं: इथली माणसं साधी आहेत, अजून उघड्यावर रांधून खातात.

वैशाखात एका दुपारी मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला. विमल धावत गेली. गोदाबाई चुलीशेजारी आडवी झाली होती. उन्हानं घेरी आली होती, आणि पडताना हात तव्यावर टेकला होता. भाकरीसाठी घरी आलेला सुकलालही धावला. दोघांनी तिला आत नेलं. विमलनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, भाजलेल्या तळव्यावर गार पाण्याची चिंधी ठेवली. मग काळजीनं, थोडी रागावूनच म्हणाली, "एवढ्या उन्हात चूल बाहेर कशाला हो? घरात का नाही मांडत?"

सुकलालनं तिच्याकडे पाहिलं. "घरातच व्हती की. या भिंतीला." त्यानं बोट दाखवलं. भिंत धुरानं काळी झालेली होती, खाली उकरलेल्या चुलीचा खड्डा मातीनं बुजवला होता. "धूर तुमच्या खोलीत जातो, तुमची तबियत बिघडंल, म्हनून हिनं हलवली. तुमी आले त्याच महिन्यात. मी म्हनलो, थंडीत ठीक हाय, उन्हाळ्यात काय करशीन? ऐकतच नाही."

"गप बसा," गोदाबाई पडल्या पडल्या म्हणाली.

विमलनं गोदाबाईचा भाजलेला हात हळूच हातात धरला. पत्रातलं वाक्य तिला जसंच्या तसं आठवलं. सुकलाल पाणी आणायला गेला तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "गोदाबाई, मला दमा नाही. कधीच नव्हता."

"मंग?"

"मुंबईत जागा परवडेना. घरातून निघायला सांगितलं. ते सांगायची लाज वाटली."

गोदाबाईनं मान त्या काळ्या भिंतीकडे वळवली. मग भाजलेला हात तिनं हळूच विमलच्या हातातून सोडवून घेतला.

"तुमी जा आता," ती म्हणाली. "तुमचे मालक यायचे असतील."

इतके महिने 'पोरी' म्हणणारी बाई 'तुमी' म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर विमलला सोसलं असतं.

संध्याकाळी अरविंदला सांगितलं तर तो चिडला. "कशाला बोललीस? उद्या गावभर होईल."

गावभर झालं नाही. हात बरा झाल्यावर गोदाबाईनं चूल पुन्हा भिंतीशी मांडली. काढा बंद झाला. चार दिवसांनी नळावर गल्लीतल्या आशाबाईनं विचारलं, "काय गोदाबाई, चूल आत नेली? बाईंच्या दम्याचं काय?"

"बरा झाला," गोदाबाई घागर भरता भरता म्हणाली. "आपल्याकडची हवा मानवली त्यांना."

विमल रांगेत मागेच होती. आपल्यासाठी ही बाई खोटं बोलली, हे तिला चुलीच्या गोष्टीपेक्षाही जिव्हारी लागलं. तिनं कळशी खाली ठेवली.

"मला दमा नव्हताच," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मुंबईत राहायला जागा मिळाली नाही, म्हणून आलो आम्ही. दम्याचं खोटं होतं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आशाबाई म्हणाली, "आमाला वाटलं, मोठे लोक, हवा खायला आले." कुणीतरी हसलं. गोदाबाईनं घागर डोक्यावर चढवली आणि विमलजवळून जाताना हळू म्हणाली, "मी सांभाळलं व्हतं ना. कशाला उघडी पडली?"

दोन दिवसांत ते कचेरीत पोचलं. अरविंद आठवडाभर मागच्या गल्लीनं कामावर गेला. विमलशी कामापुरतं बोलला. रविवारी सकाळी मात्र आपण होऊन उठला आणि सुकलालच्या ओट्यावर जाऊन बसला. विमल दारातून ऐकत होती.

"चुकलं माझं," अरविंद म्हणाला. "आमच्यापायी तुमच्या घरच्यांना त्रास झाला."

सुकलाल तंबाखू मळत होता. "माझा धाकटा भाऊ लोटू दोन साल मुंबईत व्हता," तो म्हणाला. "गोदीत. फुटपाथवर झोपायचा. घरी चिठ्ठी लिहायचा, बंगल्यात नोकरी हाय म्हनून. माय मरेपर्यंत गावभर सांगत फिरली."

"मग?"

"मंग काय. परत आला तवा स्टेशनावरून गावात यायला त्याला तीन दिवस लागले. नदीवर बसून राहायचा. मीच हात धरून आनला."

त्यानं तंबाखू पुढे केली. अरविंद तंबाखू खात नसे. त्यानं हात पुढे केला, चिमूट घेतली आणि ती तोंडात न टाकता, मान खाली घालून, बोटांत धरून बसून राहिला.