ड्वेनच्या नॅशचं छप्पर

माझा नवरा एर्विन आणि त्याचा मित्र ड्वेन टोलेफसन यांचं भांडण आमच्या लग्नाआधीपासून चालू होतं. विषय एकच. जुनी गाडी कारखान्यातून निघाली तशीच पुन्हा करायची, की आपल्या मनासारखी घडवायची?

गाडी ड्वेनची. पन्नास सालची, नॅश कंपनीची. त्याचे वडील इथे केनोशा गावातच नॅशच्या कारखान्यात होते. त्यांनी ती नवी घेतली आणि मरेपर्यंत चालवली. चाकं निम्मी पत्र्याखाली, अंग गोलमटोल, म्हणून सगळे तिला पालथा टब म्हणायचे. एर्विनकडेही एक नॅश होती, वेगळ्या बांध्याची, कारखान्यातून निघाली तशी जपलेली. जुन्या गाड्यांच्या उन्हाळी मेळाव्यात लोक शेवरलेटपाशी गर्दी करायचे आणि आम्ही नॅशवाले मैदानाच्या टोकाला आपल्याच गाड्या आपणच बघत सॉसेज भाजत बसायचो.

ड्वेनला त्या गाडीचं छप्पर कापून चार बोटं खाली आणायचं होतं. तसं चित्रच त्याने गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं होतं.

"एकदा डोकं खाली आलं ना हिचं, की बघ. वाघीण दिसेल वाघीण."

"चेंगरलेला बेडूक दिसेल," एर्विन म्हणायचा. "हात तर लावून बघ लेका, तुझं तोंड बघणार नाही."

"तुझ्या गाडीत बसायचं म्हणजे चर्चमध्ये बसल्यासारखं. टोपी काढू का गं, लोर्ना?"

मी दोघांना कॉफी द्यायची आणि आत निघून जायची. ड्वेन दर वर्षी म्हणायचा, येत्या हिवाळ्यात कापतोच. हिवाळे येत गेले आणि त्याने इंजिन केलं, गाद्या केल्या, पत्रा केला. छप्पर तेवढं राहिलं. एर्विनला वाटायचं, ते आपल्या धाकाने राहिलंय.

मग एका सकाळी ड्वेन त्याच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला सापडला. पक्षाघात. उजवं अंग गेलं, बोलणं तुटक झालं. लग्न केलेलं नव्हतं, जवळची म्हणावी अशी एक बहीण मार्लिस. तिने त्याला तळ्याकाठच्या शुश्रूषागृहात ठेवलं.

एर्विन तिथून आला की जेवायचा नाही. एकदा ताट सारून म्हणाला, "आयुष्यात त्याने एकच गोष्ट मागितली आणि मी आडवा पडलो."

"मागितली कुठे? गाडी त्याची होती. कापायची तर कापली असती."

"तुला नाही कळायचं."

त्याने मार्लिसला फोन केला. ती रडायलाच लागली. म्हणाली, "करा एर्विन. तो दुसरं बोलायचाच काय? तुमच्या हातून झालं तर त्याला बरंच वाटेल."

गाडी आमच्या गॅरेजमध्ये आली. पहिला काप घालायच्या आधी एर्विन बराच वेळ करवत हातात धरून नुसता उभा राहिला. मग त्याने यंत्र चालू केलं आणि मी कानांवर हात ठेवले. खिडक्यांमधले खांब वर आत झुकलेले असतात, म्हणून ते कापून छप्पर खाली बसवलं तर कडा जुळेनात. मग छप्परच मधोमध उभं चिरून रुंद करावं लागलं. सांधे शिशाने भरले. पुढची काच कापताना तडकली. दुसरी मिळाली ती आयोवातल्या एका भंगारवाल्याकडे. एर्विनला त्यातलं काही आवडत नव्हतं. चेहऱ्यावरून दिसायचं. तरी ड्वेनच्या चित्रातली एकेक रेघ त्याने पाळली. रंगसुद्धा त्याचाच, गडद जांभळा.

खरं सांगते, गाडी देखणी झाली होती.

जूनमध्ये आम्ही ती शुश्रूषागृहाच्या अंगणात नेली. मार्लिसने चाकांच्या खुर्चीतून भावाला बाहेर आणलं. एर्विनने खाली उतरून दार उघडलं आणि लहान मुलासारखा हसला.

"घे, गड्या. तुझी वाघीण."

ड्वेन बघत राहिला. डावा हात वर करून त्याने छपराची कड चाचपली.

"कुणी केलं?"

"मी केलं. तुझ्या चित्राबरहुकूम."

"बाबांची गाडी," ड्वेन म्हणाला. शब्द शोधत, एकेक करून. "बाबा... टोपी घालून बसायचे. आता... कसे बसतील?"

मार्लिस खाली वाकली. "ड्वेन, अरे तुलाच हवं होतं ना असं?"

"नुसतं बोलायचो," तो म्हणाला. आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडू लागला, मोठ्याने, आवरेना. परिचारिका धावत आली. एर्विन दार धरून तसाच उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून एर्विन त्या गाडीसाठी न कापलेलं छप्पर शोधायला लागला. नॅशवाल्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना विचारलं. निम्मे जण वारले होते आणि त्यांच्या गाड्या पोरांनी मोडीत काढल्या होत्या. शेवटी नेब्रास्कातल्या एका शेतात एक नॅश पडून असल्याचं कळलं. आम्ही तिथे गेलो. एर्विनने छपरावर अंगठा दाबला, तो सरळ आत गेला.

"सगळं गंजलंय," तो म्हणाला. "चल."

ड्वेन तो दिवस विसरला. आधी आम्हाला ही देवाची कृपाच वाटली. पण दर रविवारी आम्ही गेलो की तो एर्विनची बाही धरतो आणि विचारतो, "बाबांची गाडी... कधी आणतोस?"

"रंग वाळतोय," एर्विन सांगतो.

"छप्पर... नको हं कापू."

"नाही कापत."

मग ड्वेन समाधानाने मान डोलावतो, आणि एर्विन त्याला चमच्याने सूप भरवतो.