पारुबाईचं नाक आणि माझं पोट

मित्रांनो, गाडी पाहिली की तुम्ही तिचा रंग पाहता, चाकं पाहता. तिच्या पोटाखाली वाकून कधी पाहिलं आहे का? तिथे माझी जागा होती. मी एक जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून नंदुरबारच्या गॅरेजात मला सगळे नुसतं ‘डबा’ म्हणतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण सांगणार कुणाला?

बाहेरून मी पत्र्याचा आहे. आत मात्र हजारो बारीक छिद्रांची जाळी आहे आणि तिच्यावर दुर्मिळ धातूंचा पातळ लेप आहे. इंजिनातून विषारी धूर आला की मी तापतो आणि त्यातलं बरंचसं विष मोडून टाकतो. सगळ्यात वाईट वायूला तर वासही नसतो. हे माझ्या पोटात नेमकं कसं घडतं, याचं मला अजून कुतूहल वाटतं. आपलंच पोट, पण आपल्याला कुठे दिसतं!

माझी गाडी लाल रंगाची, दोन दारांची, स्पोर्ट्स कार. मिरचीचे व्यापारी जुबेरभाई यांनी ती सुरतेहून जुनीच आणली. पहिली दोन वर्षं मजेत गेली. मग एक प्लग नीट पेटेनासा झाला. चालकासमोर इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा दिवा लागला. जुबेरभाईंनी काय करावं? दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली! दिवा झाकला, पण न जळलेलं पेट्रोल माझ्या पोटात येऊन पेटत राहिलं. माझी निम्मी छिद्रं वितळून बंद झाली. गाडीला दम लागू लागला आणि आळ आला माझ्यावर.

एका सकाळी मला खाली उतरवलं. कय्युमचाचा गॅरेजचे जुने मिस्त्री. त्यांनी मला उजेडात धरून आत पाहिलं.

“जुबेरभाई, तीन रस्ता शेत,” ते म्हणाले. “डबा काढी साधा पाइप लावा, गाडी गरजस, पन सगळा धूर बाहेर येस. नहीते याले आतून पोकळ करी परत बसाडू, वरून कोनले समजत नही. नहीते मोठा छेदना नवा डबा. तो धूर बी गाळस आनि गाडी बी मोकळी पळस.”

“खालना डबा कोन देखस, चाचा? पोकळच करा,” जुबेरभाई म्हणाले. “पन आधी साधा पाइप लावा. आवाज ते ऐकू द्या.”

कोपऱ्यात एक पहार उभी होती. तिनेच माझी जाळी फोडणार होते. मित्रांनो, भंगारात जायची मला भीती नव्हती. पण पोट रिकामं करून पुन्हा गाडीखाली बसायचं आणि काम करत असल्याचं ढोंग करायचं, हे मला मरणापेक्षा वाईट वाटलं.

साधा पाइप लागला. पोकळ करायचं काम परतल्यावर ठेवून मला डिकीत टाकलं आणि गाडी गावाबाहेर जुबेरभाईंच्या पथारीवर गेली. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. जिकडे पाहावं तिकडे लाल सडा. बायका मिरच्या उलथत होत्या. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून जुबेरभाईंनी गाडी उलटी घेत थेट मिरच्यांच्या कडेला आणली आणि ॲक्सिलरेटर दाबला.

डिकीत मी हादरलो. मिरचीची धूळ उडाली, धूर पसरला. बायका ठसकत, डोळे पुसत लांब पळाल्या. एकटी पारुबाई पदर नाकाला लावून पुढे आली. ती नवापूरच्या डोंगराकडची. वीस वर्षं जुबेरभाईंचा माल तिच्या नाकाखालून जातो. तिने ‘ओली’ म्हटलं की ढीग पुन्हा उन्हात पडतो, मग समोर कितीही मोठं गिऱ्हाईक असो. तिने कडेची मूठभर मिरची उचलून हुंगली.

“सेठ, हाई मिरचीले पेट्रोलना वास लागी गया.”

“इतलामा कुठे वास लागस?”

“मन्हं नाक आजलोंग खोटं पडनं का?”

जुबेरभाईंनीही मूठभर मिरची उचलली. त्यांनी स्वतः हुंगून पाहिलं, पुन्हा पाहिलं. पारुबाईचं नाक खोटं म्हणायचं, तर वीस वर्षांचा सगळा माल खोटा ठरला असता.

“पहिले बी हाई गाडी आठेच उभी राहे,” ती खोकत, पायाखालची जागा दाखवत म्हणाली. “तवय असा वास येत नव्हता.”

मित्रांनो, डिकीच्या अंधारात मला रडू आलं. अर्धा वितळलो होतो, तरी जमेल तेवढं गाळत होतो, आणि ते कुणाच्या तरी नाकाला ठाऊक होतं.

कडेचे ढीग बाजूला काढावे लागले. चौथ्या दिवशी जुबेरभाई पारुबाईला त्याच गाडीत बसवून गॅरेजात घेऊन आले. आदल्याच दिवशी कय्युमचाचांनी गाडीला नवा प्लग आणि खाली मोठ्या छिद्रांचा नवा डबा बसवला होता. पिवळ्या दिव्यावरची चिकटपट्टीही काढली होती. मला तेव्हाच डिकीतून काढून बाकावर ठेवलं होतं. पारुबाईने मला उचललं आणि आत डोकावली.

“हाई ते मोहळ शे,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत मला इतकं चांगलं नाव कुणी दिलं नव्हतं.

कय्युमचाचांनी गाडी सुरू केली आणि चांगली तापू दिली. पारुबाई मागे उभी राहिली. जुबेरभाई तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि मीही.

“काय वास येस?” त्यांनी विचारलं.

तिने जराशाने मान हलवली. “काईच नही.”

माझ्या नव्या भावाचं हे कौतुक ऐकून माझा ऊर भरून आला. आमचं काम चोख झालं, की मागे काहीच उरत नाही.

आता मी गॅरेजच्या फळीवर असतो. मित्रांनो, पिवळा दिवा लागला तर त्याला झाकू नका, तो आमच्यासाठी हाक मारत असतो. आणि अजूनही कुणी गिऱ्हाईक येऊन “डबा पोकळ करी टाका” म्हणालं, की कय्युमचाचा हातातलं काम बाजूला ठेवतात. ते मला खाली काढतात, त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, “पहिले आत देख.”