विश्रामची आईस-अ‍ॅक्स

“बाबा, गॅरेजमध्ये तू कुणाशी बोलतोस?”

हे विचारायची पैज स्वरदाच्या मैत्रिणीने, हॅनाने, व्हिडिओ कॉलवर लावली होती. “विचारून दाखव, नाहीतर तू घाबरट,” ती म्हणाली होती. स्वरदाने आज आपल्या बाबाला, नचिकेतला, विचारलंच.

मित्रांनो, मी एक जुनी आईस-अ‍ॅक्स आहे, बर्फात रुतवायची कुऱ्हाड. तो बोलतो ते विश्रामशी, माझ्या मालकाशी. विश्राम अजून माझ्या दांड्यापाशीच असतो.

मनालीच्या जुन्या बाजारातून त्याने मला आणलं, गंज घासला, लाल पट्टी गुंडाळली. काय मिरवायचा मला! आमचं शेवटचं शिखर फार उंच होतं. वाटा दोन. पूर्वेची धार लांब, पण भरवशाची. पश्चिमेची घळ जवळची, पण ऊन लागलं की दगड सोडणारी. उतरताना ढग दाटले. सोबतच्या नचिकेतची अ‍ॅक्स निसटून घळीत गेली.

“घळीने जाऊ या का? लवकर पोचू.”

“वेडा आहेस का? धारच बरी. ही धर, माझे पाय तुझ्यापेक्षा शहाणे आहेत,” म्हणत विश्रामने मला त्याच्या हातात कोंबलं.

थोडं पुढे धारेवरचं बर्फ ढासळलं. दोघांना बांधलेला दोर कातळावर घासून तुटला. मी खोल रुतले होते. मी एकालाच धरू शकले.

त्यांच्या गिर्यारोहणाच्या ग्रुपची रीत होती: जो परतला नाही, त्याचं सामान सोबत्याने घरी पोचवायचं. नचिकेत मला घेऊन पुण्यात विश्रामच्या दारापर्यंत गेला, आत त्याच्या आईचा आवाज आला, आणि तो मागे फिरला. मग मी टॉवेलात गुंडाळून परदेशात, त्याच्या ट्रुगानिनाच्या घरी आले आणि गॅरेजमधल्या बार्बेक्यूच्या शेगडीमागे धूळ खात पडले. लॉकडाऊनमध्ये गॅरेजचं ऑफिस झालं. आता रोज मीटिंग संपली की तो हळूच विचारतो, “विश्राम, आज घळीने जाऊ या का?” आणि उत्तराची वाट बघतो. मीही बघते.

आज त्याच्या बायकोने, सरिताने, मला जुन्या गादीबरोबर फुटपाथवर ठेवलं. उद्या काउन्सिलची कचरागाडी येणार. “पुरे झालं, नचिकेत. तू आमच्यात नसतोसच,” ती म्हणाली. तिथेच, गवतावर उभं राहून, त्याने लेकीला सगळं सांगितलं.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू नुसती जपून भागत नाही. ती पोचवावी लागते.

स्वरदाने मला उचललं.

“विश्रामकाकाची आई आहे अजून?”

“आहे. पुण्यातच.”

“मग ऐका दोघंही. देशाची बॉर्डर उघडली की मी ही त्यांना द्यायला जाणार. बाबा, तू आलास तर बरं. नाही आलास तरी मी जाणार.”