अळणी राज्यातला जावई

जो माणूस भर जेवणाच्या वेळी कॅन्टीनच्या रांगेत उभा राहतो आणि काउंटरपाशी आल्यावर नुसतं पाणी मागतो, त्याचं काही खरं नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मागे शे-दीडशे कामगार रिकामी ताटं घेऊन ताटकळलेले, आणि हा आपला ग्लास धरून माझ्या मुलीकडे बघत उभा. उंच, शिडशिडीत, कडक उन्हाळ्यातही अंगात लांब कोट. चेहरा असा, की जन्मापासून आरशासमोरून उठलेलाच नाही. आम्ही त्याचं नाव पाणीवाला ठेवलं.

माझी मुलगी वाढायच्या काउंटरवर असायची. तिला सगळे ठिणगी म्हणतात, कारण बोलली की चटका बसतो. पण या पाणीवाल्यापुढे तिचा चटका कुठे जायचा कुणास ठाऊक. ग्लास भरून द्यायची आणि खाली बघून हसायची.

"जेवत नाही गं तो," मी तिला म्हटलं. "न जेवणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे काय बघायचं?"

"तोंडाकडेच बघते. जेवणाकडे तूच बघ."

तर मी जेवणाकडेच बघते. कारखान्याच्या या कॅन्टीनमध्ये मी तीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण आहे. रोज चारशे माणसं. मीठ मी कधी चाखून घातलेलं नाही. वाफेचा वास घ्यायचा आणि मूठ उघडायची. बाकीचे लोक चमचे चाटत बसतात, त्यांना मी स्वयंपाकी म्हणतच नाही.

एका मंगळवारी ठिणगी कांदे आणायला तळघरात गेली. मालाची लिफ्ट वर आली, ढकलगाडी आली, कांद्याचं पोतंही आलं. ती आली नाही. पोत्यावर एक पारदर्शक तुकडा पडला होता, चतुराच्या पंखासारखा, पण हातभर लांब.

सुरक्षारक्षकाने नोंदवहीत 'रजा' असं लिहिलं. व्यवस्थापक म्हणाले, तरुण मुलगी आहे, येईल. दोघांच्या अकलेची कीव करून मी तीन दिवस दारोदार शोधलं. चौथ्या दिवशी कोठारातला म्हातारा भांडारी कानाशी येऊन म्हणाला, "बाई, तळघराच्या खाली त्यांचं राज्य आहे. परीलोक. पंखवाले असतात. त्यांना खोटं बोलता येत नाही, लोखंड आणि मीठ सोसत नाही. आपले मेलेले तिथेच जातात. आणि जिवंत माणसाने तिथलं अन्न खाल्लं, की तोही तिथलाच."

"हे मला आज सांगताय?"

"तुम्ही विचारलं कुठे होतंत?"

त्याला नंतर बघून घ्यायचं ठरवून मी ॲप्रनच्या खिशात मिठाचा डबा टाकला, लोखंडी झारा उचलला आणि लिफ्टमध्ये शिरले. तळघराच्या बटणाखाली एक कोरं बटण होतं. तीस वर्षं ते बंद पडलंय असं समजून आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता.

खाली दारावर तीन तोंडांचा कुत्रा बसला होता. तीन तोंडं, पण एकालाही धड भुंकता येईना. मी झारा दाखवला, तो बाजूला सरकला. आत चांदीची झाडं. चांदीच्या झाडाला ना फळ ना सावली, पण एका पंखवालीने मला थांबवून ती दाखवली, इतकं यांना त्यांचं कौतुक. पुढे लांबच लांब टेबलं, आणि त्यावर माणसं जेवत होती. आमचा फिटर दिसला, आठ वर्षांपूर्वी गेलेला. मी त्याला हाक मारली. त्याने मान वर केली, गोड हसला आणि पुन्हा वाडग्यात चमचा बुडवला. हा माणूस वर असताना रोज माझ्या भाजीला नावं ठेवायचा. तो असा गप्प जेवताना बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

टेबलाच्या टोकाला माझी मुलगी बसली होती. गाल बसलेले, ओठ सुकलेले. तिच्यापुढे भरलेलं वाडगं, चमचा कोरडा. आणि शेजारी पाणीवाला, कोट काढलेला, पाठीवर चतुराचे चार पंख, त्यातला एक टोकाला तुटलेला. डोक्यावर मुकुट. राजा म्हणे!

"काही खाल्लंस?" मी विचारलं.

"नाही. पाणी प्यायले. पाणी मोजत नाहीत इथे."

माझ्या जिवात जीव आला. "ऊठ. चल घरी."

ती उठली नाही. मी पाणीवाल्याकडे वळले. "बांधून ठेवलंयस का तिला?"

"नाही," तो म्हणाला. "दार उघडं आहे. मी तिला आणलं, हे खरं. विचारलं नाही, हेही खरं. लिफ्टमधून मी तिला ओढून काढताना तिने माझा पंख तोडला. दुसऱ्या दिवसापासून ती जाऊ शकत होती."

खोटं बोलता येत नाही, ही त्यांची अडचण. माझी अडचण अशी, की मला ते पटलं. मी मुलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"मला तो आवडतो, आई."

"याच्यात काय आहे आवडण्यासारखं?"

"ऐकतो. मी बोलले की चटका बसतो ना सगळ्यांना? याला बसतो आणि हा तिथेच उभा राहतो."

"मग खाल्लं का नाहीस?"

"खूप अळणी आहे गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "घशाखाली उतरत नाही. रोज ठरवते, आज खायचं. वास घेते आणि तुझं स्वयंपाकघर आठवतं."

मला हसू आलं. चांदीची झाडं, मुकुट, मेलेल्यांवर राज्य, आणि एका भुकेल्या मुलीला चार घास गोड लागावेत एवढी यांची ऐपत नाही! शेजारी चुलीवर त्यांचं पातेलं रटरटत होतं. मी आत डोकावले. पाण्यात भाज्या पोहत होत्या, एकीची दुसरीशी ओळख नाही.

"हे? हे तू जन्मभर खाणार? अरे, तुमच्यात कुणी बाई, बाप्या, भूत, कुणी आहे का स्वयंपाक येणारं? कांदा असा चिरतात? आणि आच बघा, पातेलं काय अंघोळीला ठेवलंय?"

पंखवाले मागे सरले. मी आच कमी केली. झाऱ्याने कांदा ठेचला, भाज्या तळापासून हलवल्या, वाफेचा वास घेतला. चाखलं मात्र नाही. इथला थेंबही जिभेला लावायचा नाही हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, मी काही बावळट नव्हते. मग खिशातला डबा काढला आणि मूठ उघडली. पंखवाल्यांनी तोंडावर हात धरले.

"याला म्हणतात सूप," मी म्हणाले. "बघून ठेवा."

वास सुटला. आमच्या कॅन्टीनचा दुपारचा वास, तिथे, त्या मेलेल्या हवेत. फिटरने चमचा खाली ठेवला आणि इकडे तिकडे बघितलं. आणि माझ्या मुलीने शेजारचं रिकामं वाडगं उचलून पातेल्यात बुडवलं.

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. चार दिवस तिला राजा खाऊ घालू शकला नव्हता. ती वाचली होती ती निव्वळ यांच्या वाईट स्वयंपाकामुळे. आणि तो स्वयंपाक मी सुधारला होता.

"ठेव ते खाली!" मी ओरडले.

"थांब," पाणीवालाही तिला म्हणाला. "एक चमचा म्हणजे दरवर्षी एक महिना माझ्याकडे. बारा झाले की कायमची. फिटरसारखी. समजून खा."

मूर्ख. मुलगी हातात आली तरी नियम वाचून दाखवतोय.

तिने माझ्याकडे बघितलं. "आई, मला समजतंय," ती म्हणाली, आणि पहिला चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. दुसरा. तिसऱ्याला पाणीवाल्याने दुसरा चमचा घेतला आणि तिच्याच वाडग्यातून खाल्लं. मीठ लागताच त्याचे ओठ भाजले, टरारून फोड आले. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याने पुन्हा चमचा बुडवला. इतका गाढवपणा मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी कधी तिखटसुद्धा सोसलं नव्हतं.

मी चमचे मोजत होते. चार. पाच. सहा.

सहाव्यानंतर तिचा हात थांबला. वाडगं अर्धं भरलेलं होतं. चार दिवसांची उपाशी पोरगी, नजर वाडग्यावरून हलत नव्हती. लहान असताना ती ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची, तेव्हा मी तिला हावरट म्हणायचे.

"खा की," मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू येईना. "भूक आहे ना?"

"खूप आहे." तिने वाडगं दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं. "उरलेले सहा तुझे."

आता ती सहा महिने वर असते, सहा महिने खाली. खाली असते तेव्हा कॅन्टीनचं जेवण अळणी होतं. कामगार तक्रार करतात, व्यवस्थापक मला बोलावून विचारतात, बाई, हात बिघडला का? मी म्हणते, हो. मूठ उघडतच नाही, त्याला मी काय करू?

ती जायला निघते त्या दिवशी पाणीवाला लिफ्टपाशी न्यायला येतो. मी त्याला आजवर बस म्हटलेलं नाही. मिठाचा डबा तोच उचलतो, जाड हातमोजे घालून, छातीपासून लांब धरून. तोंडावर जुने व्रण आहेत, नवेही असतात. मी नाक मुरडते. मग त्याच्या हातात दुसरी पिशवी देते. त्यात कांदे असतात, मी चिरून दिलेले, कारण तिथे अजून कुणाला कांदा चिरता येत नाही.